चोळू नकोस!

(लक्षद्वीप हा अरबी समुद्रातील बेटांचा समूह आहे. एक मुलगा आपल्या बहिणीबरोबर आणि मामूंबरोबर सुट्टीत तेथे जातो. पाण्याखालची रंगीत दुनिया पाहताना त्याला जेलीफिशचा दंश होतो. अशा वेळी काय करावे आणि काय करू नये, हे या पाठात सांगितले आहे.)

वार्षिक परीक्षा संपली आणि सुट्टी लागली. माझे मामू कोचीला नोकरी करतात. त्यांनी अम्मीला फोन केला, "मुलांना माझ्याकडे पाठव. मी त्यांना लक्षद्वीप दाखवून आणतो." हे ऐकून आपाने आणि मी आनंदाने उड्या मारल्या. अब्बांनी आम्हांला रेल्वेने कोचीला पोहोचवले.

लक्षद्वीप या शब्दाचा अर्थ एक लाख बेटे. प्रत्यक्षात तेथे ३६ बेटे आहेत आणि त्यांतील फक्त १० बेटांवर लोकांची वस्ती आहे. सगळ्या बेटांची जमीन मिळून केवळ ३२ चौरस किलोमीटर भरते. बहुतेक लोक मुसलमान आहेत. ते मल्याळम बोलतात. मिनिकॉय बेटावर मात्र महल ही भाषा बोलतात. बेटांवर जाण्यासाठी परवाना लागतो. मामूंनी तो आधीच काढून ठेवला होता.

कोचीच्या बंदरातून आमचे जहाज निघाले. दुसऱ्या दिवशी आम्ही कदमत बेटाजवळ पोहोचलो. बेटाभोवतीचे पाणी उथळ असल्यामुळे जहाज दूरच थांबले. लहान होडीत बसून आम्ही किनाऱ्यावर उतरलो. पांढरीशुभ्र वाळू, नारळाची उंच झाडे आणि निळेहिरवे पाणी! ही बेटे प्रवाळांनी बनलेली आहेत. बेटाच्या पश्चिमेला, काही अंतरावर, समुद्रात प्रवाळांची लांब भिंत आहे. मोठ्या लाटा त्या भिंतीवर फुटतात. त्यामुळे आतले पाणी तळ्यासारखे शांत राहते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पाण्यात उतरायला तयार झालो. तेथील प्रशिक्षकांनी आम्हांला काचेचा मुखवटा, श्वास घेण्याची नळी आणि पायांत घालायचे रबरी पंख दिले. त्या नळीला स्नॉर्केल म्हणतात. तोंड पाण्यात ठेवून तरंगायचे आणि नळीतून श्वास घ्यायचा. पोट भरून खाल्ल्यावर किंवा थकलेले असताना पाण्यात उतरायचे नाही, असे त्यांनी बजावले.

मग ते म्हणाले, "तीन गोष्टी लक्षात ठेवा. एकट्याने पोहू नका. प्रवाळांवर पाय ठेवू नका. आणि कितीही सुंदर दिसले तरी कशालाही हात लावू नका. या पाण्यात कधी कधी जेलीफिश येतात. त्यांचा दंश झालाच, तर ती जागा चोळू नका."

त्यांनी आम्हांला लांब बाह्यांचे घट्ट कपडे घालायला दिले. आपाने ते नीट घातले. मला मात्र ते कपडे आवडले नाहीत. प्रशिक्षकांची पाठ वळताच मी दोन्ही बाह्या कोपराच्या वर सरकवल्या.

पाण्यात तोंड घातले आणि मी सगळे विसरलो. खाली जणू बाग फुलली होती! प्रवाळ कोठे हरणाच्या शिंगांसारखे, तर कोठे फुलकोबीसारखे दिसत होते. हिरवेनिळे पोपटमासे चोचीसारख्या दातांनी प्रवाळ कुरतडत होते. समुद्रफुलाच्या हलत्या बोटांमध्ये नारिंगी रंगाचे लहान मासे लपाछपी खेळत होते. दूर एक कासव समुद्रातील गवत खात होते. मी कासवाकडे पाहत पुढे गेलो. समोर काय आहे, ते मी पाहिलेच नाही.

एकाएकी तापलेल्या तव्याला हात लागावा तशी माझ्या उजव्या हाताची आग झाली. मी ओरडलो. नळीत पाणी शिरले. मी डोके वर काढले आणि डाव्या हाताने उजवा हात चोळणार, इतक्यात आपाने माझे मनगट घट्ट धरले.

"चोळू नकोस!" ती म्हणाली. "आधी बाहेर चल."

तिने हात उंच करून प्रशिक्षकांना खूण केली. त्यांनी आम्हांला लगेच किनाऱ्यावर आणले. माझ्या हातावर चाबकाचा फटका बसावा तसे लाल वळ उठले होते. त्यांवर काचेसारखे बारीक धागे चिकटले होते. मी रडत म्हणालो, "गोड्या पाण्याने धुऊ का?"

"नाही," प्रशिक्षक म्हणाले. त्यांनी समुद्राचेच पाणी हातावर ओतले. मग चिमट्याने एक एक धागा काढला. मामूंनी गरम पाणी आणले. प्रशिक्षकांनी ते आधी स्वतःच्या हातावर पाहिले. पाणी सोसेल इतकेच गरम होते. त्यात माझा हात वीस मिनिटे बुडवून ठेवला. तेवढ्या वेळात ते माझ्या श्वासाकडे लक्ष देत होते. हळूहळू आग कमी झाली. त्यानंतर मामूंनी मला दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी हात तपासला. "काळजी करू नका. वेळेवर योग्य उपाय झाला," असे ते म्हणाले.

संध्याकाळी आम्ही किनाऱ्यावर बसलो होतो. मी प्रशिक्षकांना विचारले, "सर, जेलीफिशने माझ्यावर हल्ला का केला?"

ते हसले. "तिने हल्ला केला नाही. जेलीफिशला मेंदू नसतो, हृदय नसते, हाडेही नसतात. तिच्या शरीरात जवळजवळ सगळे पाणीच असते. नावात फिश असले तरी ती मासा नाही. पाण्याच्या प्रवाहाबरोबर ती वाहत जाते. तिच्या धाग्यांवर हजारो सूक्ष्म पेशी असतात. प्रत्येक पेशीत गुंडाळी केलेली एक विषारी नळी असते. धाग्याला काही लागले, की ती नळी क्षणात बाहेर पडते आणि त्वचेत घुसते. जेलीफिश मरून किनाऱ्यावर पडली, तरी या पेशी दंश करू शकतात."

"मग चोळले तर काय होते?" मी विचारले.

"धागा त्वचेला चिकटतो, तेव्हा सगळ्याच पेशी फुटलेल्या नसतात. आपण चोळले, वाळू घासली किंवा गोडे पाणी ओतले, तर उरलेल्या पेशीही फुटतात. दंश जेलीफिशचा असतो, पण वेदना वाढवतो आपलाच घाईचा हात."

आपा म्हणाली, "सगळ्या जेलीफिश सारख्याच असतात का?"

"नाही. पुष्कळ जातींच्या दंशाने फक्त थोडी खाज येते. पण ऑस्ट्रेलियाच्या उत्तर किनाऱ्यावर बॉक्स जेलीफिश सापडते. तिच्या दंशाने माणूस काही मिनिटांत मरू शकतो. तेथे किनाऱ्यांवर व्हिनेगरच्या, म्हणजे शिरक्याच्या, बाटल्या ठेवलेल्या असतात. शिरक्यामुळे त्या जातीच्या न फुटलेल्या पेशी निकामी होतात. पण सर्व जातींना हा एकच उपाय चालत नाही. म्हणून तेथील जीवरक्षकांना विचारूनच उपाय करावा."

मग त्यांनी एक खरी हकिकत सांगितली. ऑस्ट्रेलियातील केर्न्स शहराजवळ पोहणारे लोक अचानक आजारी पडत. त्यांची पाठ आणि पोट असह्य दुखे, उलट्या होत. कारण कोणालाच कळत नव्हते. डॉ. जॅक बार्न्स यांनी अनेक वर्षे समुद्रात शोध घेतला. १९६१ साली त्यांना बोटाच्या पेराएवढी एक जेलीफिश सापडली. हीच ती गुन्हेगार, हे सिद्ध करण्यासाठी त्यांनी तिचा दंश स्वतःला करून घेतला. त्यांचा नऊ वर्षांचा मुलगा आणि एक जीवरक्षक यांनाही दंश करवला. थोड्याच वेळात तिघांना रुग्णालयात न्यावे लागले. सुदैवाने तिघेही बरे झाले. पुढे त्या जेलीफिशच्या शास्त्रीय नावात बार्न्स यांचे नाव घातले गेले.

"असा प्रयोग आज कोणी करू नये," प्रशिक्षक म्हणाले. "पण त्यांच्यामुळे या लहानशा प्राण्याची ओळख पटली. ज्याची ओळख पटते, त्याची भीती निम्मी होते."

मामू म्हणाले, "इतक्या लांब कशाला जायचे? पावसाळ्यात मुंबईच्या किनाऱ्यावरही निळ्या फुग्यांसारखे प्राणी वाहून येतात. त्यांना ब्लू बॉटल म्हणतात. २०१८ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी अनेकांना दंश केला होता. मुले त्यांना फुगे समजून उचलतात."

मी मान खाली घातली आणि सांगून टाकले, "सर, मी बाह्या वर सरकवल्या होत्या."

"मला ते दिसले होते," ते शांतपणे म्हणाले. "दंशाच्या पेशी अगदी लहान असतात. साधे पातळ कापडही त्यांना अडवते. तुझ्या हातावरचे वळ पाहा. ते कोपराच्या वर गेलेच नाहीत."

मी हात पाहिला. खरेच, जेथे कापड सुरू होत होते, तेथे वळ थांबले होते.

दोन दिवसांनी डॉक्टरांनी परवानगी दिली आणि आम्ही पुन्हा पाण्यात उतरलो. या वेळी माझ्या बाह्या मनगटापर्यंत होत्या. मी आपाच्या शेजारीच पोहत होतो आणि समोर पाहत होतो. थोड्या अंतरावर एक पारदर्शक छत्री हलकेच उघडत आणि मिटत होती. मी आपाला खूण केली. आम्ही दोघे थांबलो. ती आमच्यासमोरून सावकाश निघून गेली. ती किती सुंदर आहे, हे मला त्या दिवशी प्रथमच दिसले.

शब्दार्थ

परवाना – परवानगीचा कागद
उथळ – कमी खोल
प्रवाळ – पोवळे. समुद्रात राहणारे लहान प्राणी व त्यांनी बनवलेले खडक
प्रशिक्षक – शिकवणारा
दंश – डंख
वळ – मार बसल्यावर त्वचेवर उठणारी खूण
सूक्ष्म – फार लहान
निकामी – उपयोगी न राहिलेले
जीवरक्षक – बुडणाऱ्याला वाचवणारा
पारदर्शक – ज्यातून पलीकडचे दिसते असे

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) लक्षद्वीपच्या किती बेटांवर वस्ती आहे?
(आ) स्नॉर्केल कशाला म्हणतात?
(इ) आपाने भावाचे मनगट का धरले?

२. कारणे लिहा.
(अ) जहाज बेटापासून दूर थांबले.
(आ) दंश झालेली जागा चोळू नये.
(इ) मेलेल्या जेलीफिशलाही हात लावू नये.

३. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) प्रशिक्षकांनी मुलाच्या हातावर कोणते उपाय केले?
(आ) डॉ. बार्न्स यांनी कोणता शोध लावला व कसा?

४. 'ज्याची ओळख पटते, त्याची भीती निम्मी होते.' या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत सांगा.

५. वाक्यांत उपयोग करा : मान खाली घालणे, ओळख पटणे, लक्ष देणे.

६. विरुद्धार्थी शब्द लिहा : उथळ × ....., गरम × ....., सावकाश × ......

७. उपक्रम : समुद्रावर सहलीला जाताना घ्यायची काळजी मोठ्या अक्षरांत लिहून तक्ता तयार करा व वर्गात लावा.