बंदरावरचा कॅमेरा : विल्यम जॉन्सन आणि 1850 नंतरची मुंबई



आमची शाळा घोडबंदर रोडला. परिसर अभ्यासाच्या तासाला एका मुलाने विचारलं, "टीचर, इथे तर नुसता ट्रॅफिक आहे. मग नावात बंदर कसं?" मी खाडी, किल्ला, इथे उतरणाऱ्या घोड्यांबद्दल सांगितलं जातं ते, सगळं सांगितलं. लगेच पुढचा प्रश्न आला : "त्याचा फोटो आहे का?"

फोटो नव्हता. पण त्या प्रश्नामुळे मी मुंबई बंदराचे जुने फोटो शोधायला लागले आणि विल्यम जॉन्सन हा माणूस भेटला. त्याच्यावर घेतलेला पाठ इथे देत आहे. चौथी-पाचवीला सहज घेता येतो.

1. कारकून ते छायाचित्रकार

जॉन्सन मुंबईत इंग्रज सरकारच्या नोकरीत कारकून होता. 1850 च्या दशकाच्या सुरुवातीला तो फोटो काढू लागला. तेव्हाची पद्धत होती डॅगेरोटाइप. चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर चित्र उमटायचं. एका पत्र्यावर एकच चित्र, दुसरी प्रत नाही.

काळ मुलांच्या लक्षात राहावा म्हणून मी फळ्यावर रेघ मारते. 1853 ला बोरीबंदर ते ठाणे रेल्वे धावली. पुढच्याच वर्षी, 1854 ला, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी सुरू झाली. जॉन्सन तिच्या सुरुवातीच्या सभासदांपैकी. विल्यम हेंडरसन या जोडीदाराबरोबर त्याने 1856 ते 1858 या काळात एक मासिक अल्बम काढला. त्यात छापलेली चित्रं नव्हती, कागदावर काढलेले खरे फोटो चिकटवलेले असायचे. पुढे 1863 आणि 1866 मध्ये लंडनला त्याचे दोन मोठे ग्रंथ निघाले. विषय होता मुंबईत राहणारे आणि मुंबईला येणारे लोक. 'येणारे' हा शब्द मुलांना अधोरेखित करायला सांगा. बंदराचं शहर म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्यांचं शहर!

2. बंदरात फोटो काढणं इतकं अवघड का?

हा भाग मुलांना सगळ्यात आवडतो. 1851 नंतर 'ओल्या काचेची' पद्धत आली. काचेवर कलोडियन नावाचं चिकट द्रावण ओतायचं, ती चांदीच्या क्षारात बुडवायची आणि ओली असतानाच फोटो काढून धुवायची. काच वाळली की काम बिघडलं. आपल्याकडच्या उन्हात तर घाईच घाई. म्हणजे बाहेर जायचं तर कॅमेऱ्याबरोबर अंधारा तंबू, बाटल्या, पाणी, काचा असा सगळा बाडबिस्तरा न्यायचा.

शिवाय एका फोटोला काही सेकंद लागायचे. तेवढ्यात लाटेवर होडी हलली की चित्रात धूर दिसावा तशी पुसट! म्हणून त्या काळातल्या फोटोंत धक्का, इमारती, नांगर टाकलेली मोठी जहाजं स्पष्ट येतात, पण चालणारी माणसं आणि वल्हवणाऱ्या होड्या पुसट होतात किंवा नाहीशाच होतात. काम करणारा हात फोटोत येत नाही, उभा राहिलेला साहेब येतो. हे वाक्य मी मुद्दाम दोनदा म्हणते.

3. फोटो खरं बोलतो का?

जॉन्सनच्या ग्रंथातली माणसं मुंबईच्या दृश्यांसमोर उभी दिसतात. पण यातले बरेच फोटो जोडकाम आहेत! माणसं वेगळीकडे उभी करून टिपली, मागचं दृश्य वेगळं टिपलं आणि दोन्ही एकत्र केलं. मोबाइलवर पार्श्वभूमी बदलणाऱ्या मुलांना हे एका मिनिटात कळतं. तेव्हा फोटो पुरावा आहे, पण साक्षीदाराला विचारतो तसे त्यालाही प्रश्न विचारायचे.

4. आपली माणसं कॅमेऱ्यामागेही होती

मुलांना असं वाटायला नको की फोटो फक्त साहेबांनीच काढले. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी याच सोसायटीच्या कार्यकारी मंडळावर होते आणि स्वतः उत्तम फोटो काढत. 1855 मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला. तिथे शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी मुंबईत स्वतःचा स्टुडिओ काढला. त्यांचे फोटो 1867 च्या पॅरिस प्रदर्शनात पोचले. शाळेतल्या एका वर्गातून एवढं घडलं, हे आपण शिक्षकांनी लक्षात ठेवण्यासारखं आहे.

5. नाव कुठे आहे?

आता खरा मुद्दा. जॉन्सनच्या ग्रंथात माणसं जातीप्रमाणे, समाजाप्रमाणे मांडलेली आहेत. फोटोखाली असतं ते समाजाचं नाव. ती बाई कोण, तिचं नाव काय, हे बहुतेक वेळा कळत नाही.

हे वाचताना मला माझीच चूक आठवली. मागच्या वर्षी गायमुखच्या सहलीनंतर मी वर्गातल्या एका मुलीचा फोटो फलकावर लावला. खाली लिहिलं, 'कोळी वेशातील विद्यार्थिनी'. दुसऱ्या दिवशी ती हळूच म्हणाली, "टीचर, माझं नाव का नाही लिहिलं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. दीडशे वर्षांपूर्वीच्या साहेबाने जे केलं, तेच मी केलं होतं, तेही रोज हजेरीत तिचं नाव घेत असताना. त्याच दिवशी पट्टी बदलली.

वर्गात आणि घरी करून बघा

• मुलांना दहा सेकंद पुतळ्यासारखं उभं राहायला सांगा. कोण हललं? तो फोटोत पुसट झाला!
• कोणताही जुना फोटो दाखवून चार प्रश्न विचारा : कोणी काढला? कोणासाठी काढला? काय दिसतं? कोण दिसत नाही?
• पालकहो, घरातला एक जुना फोटो काढा. कोलशेत, ओवळा, नागला बंदर भागातल्या घरांत होडीचे, जाळ्याचे, भातशेतीचे फोटो नक्की सापडतील. आजी-आजोबांना विचारून मागच्या बाजूला पेन्सिलीने नावं, गाव आणि साल लिहा. जोरात दाबून लिहू नका, पुढे वळ उमटतो.

हे काम पुढच्या सुट्टीवर ढकलू नका. फोटो अजून शंभर वर्षं टिकेल, पण त्यातली माणसं ओळखणारी आजी तेवढी थांबणार नाही.