शिट्टी वाजवण्याआधी

हिंगोली जिल्ह्यात शालेय स्पर्धा असोत, गणपतीतले सामने असोत की शिवजयंतीचे, कबड्डीचं मैदान आखलं की गर्दी जमतेच, आणि गर्दी जमली की पंचाच्या निर्णयावर वाद होतोच. वसमत, औंढा, सेनगावकडच्या मैदानांवर मी वर्षानुवर्षं पंच म्हणून उभा राहत आलोय. पंच परीक्षेला बसणाऱ्या पोरांना जे सांगतो, तेच इथं मांडतो.

1. वादाचं मूळ बहुतेक वेळा सामन्याच्या आधीच असतं. एका मंडळाची पोरं प्रो कबड्डी बघून तयार झालेली, दुसऱ्या मंडळाचा कप्तान जुन्या नियमांत वाढलेला. दोघंही आपापल्या जागी खरं बोलत असतात, कारण संयोजकांनी कोणता नियम लागू हे ठरवलेलंच नसतं. हे फक्त गावात होतं असं समजू नका. 7 ऑक्टोबर 2023 ला हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारत-इराण अंतिम सामना 28-28 असा बरोबरीत होता. शेवटचं मिनिट-दीड मिनिट उरलेलं. भारताचा चढाईपटू पवन सेहरावत कुणालाही न शिवता लॉबीत, म्हणजे मैदानाच्या कडेच्या पट्टीत गेला आणि त्याच्यामागोमाग इराणचे बचावपटूही गेले. जुन्या नियमानं मागे गेलेले सगळे बाद, नव्या नियमानं एकटा चढाईपटू बाद. निर्णय इकडून तिकडे फिरत राहिला, खेळाडू मॅटवर बसून राहिले, खेळ जवळपास तासभर थांबला. शेवटी भारत 33-29 जिंकला. आपल्या महाराष्ट्राचा अस्लम इनामदार त्या संघात होता, आनंद मलाही झाला. पण पंच म्हणून तो तास बघवत नव्हता. सुवर्णपदकाच्या सामन्यात पंचांना नियम कोणता हेच ठरवता येऊ नये, ही खेळाची नामुष्की आहे.

म्हणून नाणेफेकीआधी दोन्ही कप्तानांना मध्यरेषेवर बोलवा. लॉबी, तिसरी चढाई, तीन किंवा त्याहून कमी बचावपटूंनी केलेली पकड, दाद कुणी मागायची, हे सगळं माईकवरून सांगा. प्रेक्षकांनाही ऐकू जाऊ द्या.

2. रेषा दिसली पाहिजे. मातीवरची फक्की पहिल्या दहा मिनिटांतच पायांखाली जाते. बोनस रेषा मध्यरेषेपासून पावणेपाच मीटरवर, निदान रेषा पावणेचारवर, आणि अर्ध्या तासानं दोन्ही ठिकाणी नुसती पांढुरकी माती. मध्यांतराच्या पाच मिनिटांत फक्की पुन्हा मारून घ्या. हॅलोजन एकाच बाजूला लावला असेल तर बचावपटूंची सावली नेमकी रेषेवर पडते. दुसरा दिवा लावल्याशिवाय सामना सुरू करू नका.

3. बोनस बघताना खेळाडूचं तोंड बघू नये. नजर टाचेवर हवी. पुढचा पाय रेषेपलीकडे टेकला तेव्हा मागचा पाय हवेत होता का, एवढंच बघायचं. आणि त्याआधी समोर निदान सहा बचावपटू आहेत ना, हे मोजलेलं असावं.

4. हात उचलण्याआधी एक श्वास थांबा. 2019 साली ऑस्ट्रेलियातल्या रग्बी लीगच्या अंतिम सामन्यात कॅनबेरा रेडर्स आणि सिडनी रूस्टर्स 8-8 वर होते. त्या खेळात चेंडू असलेल्या संघाला सहा टॅकलपर्यंत खेळता येतं. पंचानं रेडर्सना नव्यानं सहा टॅकल दिल्याची खूण केली आणि लगेच निर्णय फिरवला. रेडर्सच्या खेळाडूनं पहिलीच खूण पाहिली होती, तो चेंडू घेऊन पडला आणि चेंडू रूस्टर्सकडे गेला. थोड्याच वेळात त्यांनी गुण केले आणि 14-8 नं जिंकले. दुरुस्ती बरोबर होती, असं नंतर लीगनंही सांगितलं. पण खेळाडू खुणेवर विश्वास ठेवून खेळतो. आपल्याकडे मध्यरेषेवर झटापट चालू असते, चढाईपटूचा हात पुढं ताणलेला, वर पाच जण पडलेले. पलीकडून ओरड येते, "सर, बोट लागलं व्हतं की!" अशा वेळी आधी समोरच्या पंचाकडे बघा. त्याच्या बाजूनं ते बोट दिसलेलं असतं. दोघांचं एकमत झालं की मगच हात वर करा, आणि कारण कप्तानाला एका वाक्यात सांगा: "बोट लागलं, पण दम आधी गेला." हरणारा संघही एवढं ऐकून घेतो, कारण त्याला काय पाहिलं गेलं ते कळतं.

5. पंचाच्या अंगाला हात लावणं कुठल्याही चुकीची भरपाई नाही. जानेवारी 2023 मध्ये पुण्याच्या महाराष्ट्र केसरीत सिकंदर शेख-महेंद्र गायकवाड कुस्तीत गायकवाडच्या बाहेरच्या टांगेच्या डावाला चार गुण दिले आणि त्यावरून पंचाला धमकीचा फोन आल्याची तक्रार झाली. फेब्रुवारी 2025 मध्ये अहिल्यानगरला तर पृथ्वीराज मोहोळविरुद्धच्या कुस्तीतल्या निर्णयावर चिडून शिवराज राक्षेनं पंचाला लाथ मारली. अंतिम कुस्तीत महेंद्र गायकवाडही निर्णय न पटून बाहेर पडला. दोघांवर तीन वर्षांची बंदी आली. पाठ टेकली की नाही हे चित्रफीत थांबवून बघावं, ही पैलवानाची मागणी मला रास्तच वाटते. वर्षभराची मेहनत क्षणात जाते तेव्हा दाद मागायला जागा हवीच. ती जागा संयोजकांनी आधी करून ठेवायची असते.

6. गावातला पंच सामना संपल्यावर रात्री एकटाच मोटारसायकलवर परततो, त्याच रस्त्यानं ज्यानं हरलेला संघही जातो. संयोजकांनी बक्षिसाच्या ढालीआधी पंचाच्या परतीची सोय ठरवावी. गुणपत्रकावर दोन्ही कप्तानांच्या सह्या मैदानावरच, सगळ्यांसमोर घ्याव्यात, आणि पंचाबरोबर मंडळाचा एक जाणता माणूस गावाच्या वेशीपर्यंत पाठवावा.