कारखान्यासाठी ड्रोन निवडताना : सभासदांनी समजून घ्यावयाचा धडा



गेल्या काही गटसभांतून एक मागणी वारंवार पुढे येत आहे. "कारखान्याने फवारणीसाठी आणि ऊस पाहणीसाठी स्वतःचा ड्रोन घ्यावा." मागणी रास्त आहे. ऊस डोक्याच्या वर गेला, की त्यात ट्रॅक्टर शिरत नाही. पाठीवर पंप बांधून माणूस आत शिरलाच, तर पात्याने अंग कापते आणि औषध तोंडावर येते. ड्रोन मात्र दहा लिटरची टाकी घेऊन वरून फिरतो आणि एक एकर दहा मिनिटांच्या आसपास उरकतो.

तेव्हा ड्रोन घ्यावा की नाही, हा प्रश्न आता उरलेला नाही. कोणता घ्यावा, हा खरा प्रश्न आहे. बैल घेताना आपण दात बघतो, चाल बघतो, कोणाच्या दावणीचा आहे तेही विचारतो. ड्रोनच्या बाबतीतही तेच करावयाचे आहे. फक्त याचे दात कुठे असतात, ते माहीत पाहिजे.

बर्डीच्या बाजारात काय झाले

आमच्या शेतकी विभागाची मंडळी मध्यंतरी कामानिमित्त नागपूरला गेली होती. काम उरकल्यावर सीताबर्डीच्या बाजारात सहज चौकशी केली. एका दुकानदाराने कपाटामागून एक देखणा परदेशी ड्रोन काढून दाखवला. "साहेब, पिकाची पाहणी करायला हाच न्या. किंमत निम्मी. बिलाचं काही मनावर घेऊ नका." आम्ही विचारले, "याची सरकारदरबारी नोंदणी कशी व्हायची?" त्यावर त्याने चहा मागवला आणि विषय बदलला.

आम्ही बाहेर आलो. बाजाराच्या डोक्यावर सीताबर्डीची टेकडी आहे आणि तिच्यावर किल्ला. नोव्हेंबर १८१७ मध्ये याच ठिकाणी आप्पासाहेब भोसल्यांची फौज आणि इंग्रज यांची लढाई झाली. इंग्रजांनी आधी दोन्ही टेकड्या धरल्या, कारण तिथून रेसिडेन्सी आणि नागपूर शहर दोन्ही नजरेच्या टप्प्यात येत. भोसल्यांच्या फौजेने धाकटी टेकडी घेतलीही, पण ती हातची गेली आणि लढाई फिरली. आज तो किल्ला भारतीय सैन्याच्या ताब्यात आहे आणि सामान्य माणसाला वर्षातल्या ठरावीक दिवशीच आत जाता येते.

तात्पर्य एवढेच, की उंचावरची जागा ज्याच्या हाती, त्याच्या नजरेखाली सारे गाव. तेव्हा त्यासाठी टेकडी जिंकावी लागे. आज ती उंची खोक्यात घालून विकत मिळते. म्हणून त्या उंचीवरून बघणारा डोळा कोणाचा, हे आधी विचारले पाहिजे.

ड्रोन काय काय बघतो आणि कुठे लिहून ठेवतो

ड्रोन म्हणजे उडणारा पंप, अशी पुष्कळांची समजूत असते. ती अर्धीच खरी आहे. उडताना तो आपली जागा उपग्रहाच्या मदतीने क्षणाक्षणाला नोंदवत असतो. कॅमेरा असेल तर चित्रेही घेतो. ही माहिती ड्रोनच्या पोटात, चालकाच्या हातातल्या रिमोटमध्ये आणि मोबाइलच्या ॲपमध्ये साठते. कित्येकदा ॲपमधून ती कंपनीच्या सर्व्हरवर जाते आणि तो सर्व्हर कुठल्या देशात आहे, हे आपल्याला ठाऊकही नसते.

आता आपल्या बाजूने बघा. कारखान्याचा ड्रोन एक हंगाम फिरला, की त्याच्याजवळ काय जमा होईल? कोणाच्या बांधाची हद्द कुठे, विहीर कुठे, कोणाचा ऊस जोमात, कोणाचा पिवळा पडला, कोणत्या गटात किती टन उभा आहे. आज हीच माहिती चिटबॉय पायपीट करून आणतो आणि ती शेतकी कार्यालयाच्या कपाटात राहते. ऊस कमी असलेल्या वर्षी उसाची कशी पळवापळवी होते, ते आपण पाहिलेले आहे. तयार ऊस कुठे उभा आहे हे ज्याला घरबसल्या कळेल, त्याच्या हाती आपली नाडी गेली असे समजावे.

इतरांनी काय केले

ही भीती केवळ आपल्या मनातली नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये अमेरिकेच्या लष्कराने डीजेआय या चिनी कंपनीचे ड्रोन वापरणे थांबवा, असा हुकूम आपल्या तुकड्यांना दिला. डिसेंबर २०२३ मध्ये तिथे कायदाच झाला आणि केंद्रीय खात्यांना चीनसारख्या ठरावीक देशांतले ड्रोन घेण्यास बंदी आली. माहिती बाहेर जात असल्याचा आरोप ती कंपनी नाकारत आली आहे. खरेखोटे काही असो, सरकारी कामात 'नंतर बघू' हे धोरण चालत नाही, एवढे त्यांनी ठरवले.

आपल्याकडे ९ फेब्रुवारी २०२२ रोजी केंद्र सरकारने परदेशी तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी घातली. संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा एवढाच अपवाद ठेवला. सुट्या भागांना मात्र मोकळीक दिली. गोम आहे ती इथेच. परदेशी भाग आणून इथे जोडलेल्या यंत्रावरही 'भारतीय बनावट' अशी चिठ्ठी लागू शकते. फेब्रुवारी २०२५ मध्ये सैन्यासाठीच्या ४०० ड्रोनचे करार चिनी भागांच्या कारणावरून रद्द झाल्याचे वृत्त आले, ते देशी कंपन्यांशी केलेले होते. म्हणून चिठ्ठी वाचून थांबू नये, झाकण उघडून बघावे.

याचा अर्थ प्रत्येक परदेशी खिळा हेर आहे, असा नव्हे. पंखा, मोटर, सांगाडा हे मुके भाग आहेत. जपायचे ते मेंदू, जीभ आणि डोळे : उड्डाण सांभाळणारे नियंत्रक, संदेश नेणारा रेडिओ, कॅमेरा आणि हे सारे चालवणारे सॉफ्टवेअर.

कायदा थोडक्यात

ड्रोन नियम २५ ऑगस्ट २०२१ रोजी जाहीर झाले. त्यांत वजनावरून वर्ग पाडले आहेत. २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, २ किलोपर्यंत मायक्रो, २५ किलोपर्यंत स्मॉल, १५० किलोपर्यंत मीडियम आणि त्यापुढे लार्ज. दहा लिटरचे फवारणी ड्रोन बहुधा स्मॉल वर्गात बसतात. अशा ड्रोनला नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे प्रकार प्रमाणपत्र लागते, स्वतंत्र ओळख क्रमांक लागतो आणि चालकाकडे दूरस्थ वैमानिकाचे प्रमाणपत्र लागते. नियम मोडल्यास एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. शेतीच्या ड्रोनला पहिले प्रकार प्रमाणपत्र जून २०२२ मध्ये मिळाले, तेव्हा 'प्रमाणपत्रवाला मिळतच नाही' ही सबब आता चालणार नाही.

आकाशाचेही तीन पट्टे आहेत. हिरव्या पट्ट्यात ४०० फुटांपर्यंत परवानगी लागत नाही. विमानतळापासून ८ ते १२ किलोमीटरच्या टापूत ही मोकळीक २०० फुटांपर्यंतच आहे आणि त्याहून जवळ परवानगीशिवाय उडवता येत नाही. तांबड्या पट्ट्यात केंद्र सरकारच्या परवानगीखेरीज उड्डाण नाही. लष्करी ठाण्याजवळ ज्यांची शेती आहे, त्यांनी नकाशा आधी पाहावा.

नकाशांविषयी १५ फेब्रुवारी २०२१ ची मार्गदर्शक तत्त्वेही ध्यानात ठेवावीत. एक मीटरपेक्षा अधिक बारकाईची जमिनीची माहिती भारतीय संस्थांनीच तयार करावी आणि ती भारतातच साठवावी, असे ती सांगतात. बांधाबांधाचा नकाशा याच बारकाईचा असतो.

खरेदीपूर्वीचे सहा प्रश्न

१. प्रकार प्रमाणपत्र आहे का? ते याच नमुन्याचे आहे का? एका नमुन्याचे प्रमाणपत्र दाखवून दुसरा गळ्यात मारण्याचे प्रकार होऊ शकतात.

२. ओळख क्रमांक कारखान्याच्या नावावर होणार का? विमा कोणाचा? नॅनो सोडून सर्व ड्रोनना तिसऱ्या पक्षाचा विमा आवश्यक आहे.

३. नियंत्रक, रेडिओ, कॅमेरा आणि सॉफ्टवेअर कोणत्या देशातले? भागवार यादी सही-शिक्क्यानिशी द्यावी. यादी खोटी निघाल्यास पैसे परत, ही अट करारात असावी.

४. इंटरनेट बंद ठेवून ड्रोन काम करतो का? समोर करून दाखवावे. माहिती कुठे साठते आणि पुसायची कशी, तेही दाखवावे.

५. माहितीचा मालक कोण? उत्तर एकच हवे : सभासद आणि त्यांचा कारखाना. भाड्याने ड्रोन आणला, तरी हीच अट घालावी.

६. भर हंगामात बिघडला तर दुरुस्ती कुठे? भाग किती दिवसांत मिळतील?

१ जून २०२२ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने सहकारी संस्थांना शासकीय ई-बाजारावरून, म्हणजे 'जेम'वरून, खरेदी करण्यास मान्यता दिली. त्या मार्गाने दर तपासावेत. पण तिथे नाव आहे म्हणून हे सहा प्रश्न टाळू नयेत.

शेवटी चालकाविषयी. अठरा ते पासष्ट वयाचा, दहावी उत्तीर्ण असा कोणीही मान्यताप्राप्त संस्थेत प्रशिक्षण घेऊन वैमानिक होऊ शकतो. बाहेरचा माणूस आणण्यापेक्षा आपल्याच गटातला मुलगा वा मुलगी तयार केली, तर शेताची गोष्ट शेताच्या माणसाकडेच राहील.

सीताबर्डीच्या त्या दुकानातला ड्रोन आम्ही घेतला नाही. किंमत खरोखरच निम्मी होती. उरलेली निम्मी किंमत पुढे सभासदांनी मोजली असती. तरी हे सहा प्रश्न प्रत्येक गटसभेत वाचून दाखवावेत आणि खरेदीचा विषय सर्वसाधारण सभेपुढे येईल तेव्हा सभासदांनी उभे राहून ते विचारावेत. विचारणाऱ्याचा कोणी राग मानू नये. कारखाना आपला, ऊस आपला, तेव्हा त्यावर फिरणारा डोळाही आपलाच असला पाहिजे.