वृक्षाचे द्रव्य येते कोठून?

इवल्या रोपाचा प्रचंड वृक्ष होतो. हे द्रव्य तो कोठून मिळवितो? मातीतून, असा समज दीर्घकाळ रूढ होता.

व्हान हेल्माँट या ब्रुसेल्सच्या वैद्याने हा समज तराजूवर पारखला. भट्टीत वाळविलेली २०० पौंड माती कुंडीत भरून त्याने तीत ५ पौंडांचे वाळुंजाचे रोप लावले व त्यास केवळ पाणी घातले. पाच वर्षांनी वृक्ष सुमारे १६९ पौंड भरला. माती मात्र अवघी दोन औंस घटली. सारी वाढ पाण्यातून झाली, असे त्याने अनुमान काढले. त्याच्या मृत्यूनंतर १६४८ मध्ये हा वृत्तान्त प्रसिद्ध झाला.

प्रयोग चोख होता. परंतु हवेचा हिशेब राहून गेला होता. हिरवी पाने सूर्यप्रकाशातच प्राणवायू सोडतात, हे १७७९ मध्ये इंगेनहाउझ याने दाखविले. वनस्पतीच्या वाढीत कार्बन डायॉक्साइड व पाणी या दोहोंचा वाटा असतो, हे १८०४ मध्ये द सोस्यूर याने मोजून सिद्ध केले. पर्णरंध्रांतून शिरणारा हा वायू व मुळांनी शोषलेले पाणी यांपासून हिरवे पान प्रकाशाच्या बळावर शर्करा घडविते. तिच्यापासूनच पुढे काष्ठ बनते.

मग त्या दोन औंसांचे काय? नत्र, स्फुरद, पालाश, मॅग्नेशियम ही पोषकद्रव्ये मातीतूनच येतात. नत्र व मॅग्नेशियम यांवाचून तर हरितद्रव्यच घडत नाही. प्रत्येक पिकाबरोबर हे अंश शेतातून जातात; खतरूपाने ते परत न केल्यास भूमी निकस होते. वृक्ष हवापाण्याचा खरा. परंतु मातीच्या चिमूटभर देण्यावाचून तो उभा राहत नाही.