दिवा बदलण्याआधी जोड शोधा

पूर्वी आमच्याकडे ओट्यावर एक बल्ब असायचा, बस. आता हिवरा आश्रमात आणि आसपासच्या गावांतही गेटच्या दोन्ही खांबांवर दिवे असतात, तुळशीवृंदावनापाशी एक, लिंबाच्या झाडाखाली जमिनीत रोवलेले स्पॉट आणि कंपाऊंडवर एलईडीची पट्टी. रात्री घर खरंच उजळून निघतं. मी वायरमनचं काम करतो आणि या बाहेरच्या दिव्यांची दुरुस्ती हा आता माझ्या कामाचा मोठा भाग झाला आहे. त्यातला एक प्रसंग आधी सांगतो. तो माझ्या डोक्यातून कधी जाणार नाही.

मृगाचा पहिला जोरदार पाऊस पडून गेला होता. एका घरी गेटजवळ वासरू बांधलेलं होतं. वर दिवा असलेल्या लोखंडी खांबाला त्याने अंग घासलं आणि ते जागेवरच कोसळलं. घरातला पोरगा धावत गेला, दिव्याचं बटण बंद केलं. दिवा विझला, पण वासराची तडफड थांबेना. आजी उचलायला पुढे झाली, तेवढ्यात शेजारचा माणूस ओरडला, ‘माय, हात नको लावू!’ त्या ओरडण्याने आजी वाचली. वासरू मात्र गेलं.

मी पोचलो तेव्हा सगळ्यांचा एकच प्रश्न होता, ‘भाऊ, बटण तं बंद होतं, मग करंट आला कुठून?’

बटण बंद होतं हे खरं. पण जोडणी करणाऱ्याने बटण फेजच्या तारेवर न लावता न्यूट्रलवर लावलं होतं. अशा जोडणीत बटण बंद केलं की दिवा विझतो, पण फेज दिव्यापर्यंत जाऊन तिथेच उभा असतो. अंगणातल्या जोडण्यांमध्ये हा दोष मला वारंवार सापडतो, कारण दिवा तर लागतो, मग तपासतो कोण? तुमच्या घरी बटण बंद केल्यावरही एलईडी अंधूक मिणमिणत राहत असेल तर ही शंका आधी घ्या आणि वायरमनला बोलवा. मिणमिणण्याची इतरही कारणं असतात, पण त्यातलं जीवघेणं कारण हेच.

त्या खांबाच्या बुडाशी खोदलं. पाईप नव्हता, साधी दोन तारांची वायर तशीच मातीत पुरलेली. वीतभर खाली जोड सापडला. काळी टेप सैल होऊन तिचा चिकटा मातीत मिसळला होता. टेप उलगडली तर एका बाजूला तांब्याची तार हिरवी पडलेली, दुसऱ्या बाजूला सर्व्हिस वायरच्या ॲल्युमिनियमवर पांढरा भुगा. तांबं आणि ॲल्युमिनियम नुसतं पिळा देऊन जोडलं आणि त्यात ओल शिरली की ॲल्युमिनियम खात जातं. फेजची उघडी तार खांबाला टेकली होती आणि खांबाला अर्थिंगची तारच नव्हती.

‘खांब दोन फूट जमिनीत गाडलाय, म्हणजे अर्थिंग झालंच की,’ असं मला कितीतरी घरी ऐकवलं जातं. हा समज घातक आहे. गाडलेल्या खांबाचा जमिनीशी रोध ५० ओहम धरा. २३० व्होल्टला त्यातून साधारण साडेचार अँपिअर करंट जमिनीत जाईल. एमसीबी १० अँपिअरची असेल तर ती हलणारसुद्धा नाही आणि खांब तसाच जिवंत राहील. एमसीबी तार जळण्यापासून वाचवते, माणसाला वाचवत नाही. माणसासाठी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी लागते, म्हणजे एका अँपिअरच्या तेहतिसाव्या भागाएवढी गळती झाली की लाईन तोडणारी. खांबाला मात्र घराच्या मुख्य अर्थिंगपासून हिरवी तार गेलीच पाहिजे. त्या घरात आरसीसीबी होती, पण पावसाळ्यात सारखी पडते म्हणून कोणीतरी तारा तिच्या बाहेरून फिरवून दिल्या होत्या. ती पडत होती म्हणजे तिचं काम करत होती. आरसीसीबी पडते ही तक्रार घेऊन कोणी आलं तर मी आता बाकी सगळी कामं बाजूला ठेवतो.

हे सगळं आपल्याकडे जास्त का घडतं, त्याचं उत्तर आपल्या जमिनीत आहे. आपली काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते. एप्रिल-मे महिन्यात अंगणात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. मातीत घट्ट पुरलेली वायर या ओढाताणीत खेचली जाते आणि ती जोडापाशीच सुटते, कारण तीच सगळ्यात कमजोर जागा. खांबही किंचित कलतो. उन्हाळ्यात हे कळत नाही. पहिल्या पावसात पाणी थेट भेगांतून त्या सुटलेल्या जोडापर्यंत उतरतं आणि आपण म्हणतो, ‘काल तर चांगला चालू होता.’ उन्हाळ्यात माती कोरडी होते तशी अर्थिंगही कमजोर होते. खाली मुरूम आणि काळा दगड लवकर लागत असेल तर आणखीच. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळाभर अधूनमधून बादलीभर पाणी घालायची जुन्या लोकांची सवय म्हणूनच शहाणपणाची आहे.

त्यामुळे माझं सांगणं असं, की जमिनीखाली जोड ठेवूच नका. वायर एचडीपीई पाईपातून, दीड-दोन फूट खोल न्या आणि प्रत्येक खांबाशी थोडी सैल गुंडाळी ठेवा, म्हणजे माती हलली तरी ताण येणार नाही. जोड सगळे जमिनीच्या वर हातभर उंचीला, बंद जंक्शन बॉक्समध्ये. वायर बॉक्समध्ये खालून शिरू द्या. वरून शिरली तर पाणी तारेवरून ओघळत आत जाईल. पाईपाची तोंडं बंद करा, नाहीतर उंदीर पाईपातून ये-जा करतात आणि वायर कुरतडतात.

आता बिघाड शोधायचा कसा. घरच्या माणसाने करण्यासारखं काम मर्यादित आहे, पण ते नीट केलं तर वायरमनचा अर्धा वेळ वाचतो. पहिली गोष्ट, मेन बंद केला म्हणजे लाईन मेली असं धरू नका. भारनियमनामुळे घरोघरी इन्व्हर्टर आहे आणि अंगणातले दिवे बऱ्याचदा त्याच लाईनवर असतात. मेन पाडला की इन्व्हर्टर त्याच तारेत पुन्हा वीज सोडतो. दोन्ही बंद करा, मगच पुढे.

आरसीसीबी फक्त पावसानंतर पडत असेल तर ओल कुठेतरी शिरली आहे. कोरड्या दिवसांतही दिवा लावल्या-लावल्या पडत असेल तर बहुतेक वेळा फेज एका बोर्डावरून आणि न्यूट्रल दुसऱ्याच लाईनवरून घेतलेला असतो. ओलीचा बिघाड शोधताना मी सगळे दिवे एकेक करून तपासत नाही. वीज बंद करून मधला जंक्शन बॉक्स उघडायचा, पुढची लाईन सोडवायची, सुट्या तारांची टोकं झाकायची आणि लाईन सुरू करायची. आरसीसीबी टिकली तर दोष पुढच्या अर्ध्या भागात, पडली तर अलीकडच्या. मग त्याच अर्ध्या भागाचे पुन्हा दोन भाग. हे काम वायरमनकडूनच करून घ्या, पण त्याला हीच पद्धत वापरायला सांगा. दिवसभर एकेक दिवा बदलत बसणाऱ्याला पैसे देऊ नका.

शेजारीपाजारी एकाच वेळी दिवे उडाले असतील तर दोष तुमच्या अंगणात नाही. डीपीवरचा न्यूट्रल सुटला की काही घरांत व्होल्टेज ४०० च्या जवळ जाऊ शकतं. अशा वेळी मेन पाडून महावितरणला कळवायचं. नवे दिवे लगेच लावू नका, तेही जातील.

१२ व्होल्टचे दिवे लावणारे आता वाढले आहेत आणि ते चांगलंच आहे. १२ व्होल्टची तार ओल्या मातीत उघडी पडली तरी जीव जात नाही. मात्र अडॅप्टर घरात किंवा आडोशाला कोरड्या जागी हवा, कारण त्याच्या एका बाजूला २३० व्होल्टच असतात. इथे नेहमीची तक्रार म्हणजे शेवटचे दिवे मंद लागणं. दिवे खराब नसतात, तार बारीक असते. १ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार २५ मीटर नेली तर जाऊन-येऊन ५० मीटर होते आणि तिचा रोध सुमारे ०.९ ओहम. त्या टोकाला ४० वॉटचे दिवे असतील तर साधारण सव्वातीन अँपिअर करंट वाहतो आणि तारेतच तीन व्होल्ट जातात. दिव्यांना मिळाले नऊ. अडीच चौरस मिलिमीटरची तार घातली की हीच घट सव्वा व्होल्टवर येते. अडॅप्टर दिव्यांच्या मधोमध ठेवून दोन्ही बाजूंना तार नेली तरी मोठा फरक पडतो.

दिवा विकत घेताना डब्यावरचा आयपी आकडा बघा. आयपी ६५ म्हणजे धूळ आत जात नाही आणि पाण्याचा फवारा सोसतो. भिंतीवर, खांबावर तो पुरतो. जमिनीत बसवायच्या दिव्याला मात्र निदान आयपी ६७ हवा, कारण आपल्या काळ्या मातीत पाणी लवकर मुरत नाही, दिवा तासन्‌तास डबक्यात राहतो. बसवताना खाली वीतभर खडी टाका म्हणजे पाणी निघून जाईल. दिव्याच्या काचेखालचं रबर वाकडं बसलं किंवा वायर शिरते तिथला नट ढिला राहिला तर आकडा कितीही मोठा असो, उपयोग नाही. आत आधी मुंग्या जातात, त्यांच्या मागे पाल, आणि मग ओल.

सौर दिव्यांबद्दल थोडंच. ते बंद पडले की लोक टाकून देतात. बहुतेकांत एक छोटा रिचार्जेबल सेल असतो, वर्ष-दोन वर्षांत तो थकतो आणि बदलता येतो. त्याआधी वरची पट्टी ओल्या फडक्याने पुसून पाहा. आपल्याकडची उन्हाळी धूळ तिच्यावर चांगलीच बसते. दिवा झाडाच्या सावलीत असेल तर सेल बदलून काही होणार नाही, जागा बदला.

एक विनंती जानेवारीसाठी. विवेकानंद जयंतीच्या महोत्सवाला गावात माणसांचा महापूर येतो, घरोघरी पाहुणे असतात आणि त्या दिवसांत लोखंडी गेटवरून, तारेच्या कुंपणावरून दिव्यांच्या माळा सोडल्या जातात. माळ लोखंडाला बांधू नका. मध्ये लाकडाची किंवा प्लास्टिकची पट्टी घ्या. खिडकीतून नुसत्या तारा प्लगमध्ये खोचून लाईन घेऊ नका, आणि माळा लावायच्या दिवशी सकाळी आरसीसीबीवरचं ‘टी’ लिहिलेलं बटण दाबा. लाईन गेली तर ठीक. नाही गेली तर आरसीसीबी बदलून मिळेपर्यंत माळा लावू नका.