ओव्हरक्लॉक केलेला जुना पीसी हँग होतोय? हा क्रम पाळा

रिपेअरिंगला आय५-२५००के सारखे जुने पीसी येतातच. २०११ चा हा प्रोसेसर मुळात ३.३ गिगाहर्ट्‌झचा, पण कुणीतरी ४.५ वर चढवलेला असतो.

१. बायोस सेटिंगचे फोटो काढा, मग डिफॉल्ट लोड करा. साटा मोड मात्र पूर्वीचाच ठेवा, नाहीतर विंडोज बूट होणार नाही.
२. तरीही हँग? रॅम, एसएमपीएस, बोर्ड तपासा.
३. नीट चालला? फॅन साफ करा, थर्मल पेस्ट बदला.
४. आता मल्टिप्लायर एकेक पायरी वाढवा, दरवेळी प्राइम९५ चालवा. अडकला की एक पायरी खाली या; व्होल्टेज वाढवत बसू नका.

एका वेळी एकच बदल, तोही वहीत लिहून. बिलिंगचा पीसी मात्र डिफॉल्टवरच द्या. वेग थोडा कमी चालेल, पण डेटा गेला तर गिऱ्हाईकही जातं.