रोहित पक्षी व सरहद्दीवरील खारें पाणी

अकलूजच्या उत्तरेस भीमा नदीवर उजनीचें धरण आहे. तें १९८० सालीं पुरें झालें. त्याच्या उथळ कांठीं हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. त्यांस अग्निपंख असेंही म्हणतात. वांकडी चोंच पाण्यांत उलटी बुडवून ते शेवाळ व सूक्ष्म जलजीव गाळून खातात. ह्या अन्नांतील रंगद्रव्यानेंच त्यांचे पंख गुलाबी होतात. पिलें करड्या रंगाचीं असतात.

परंतु हीं पिलें आपण पाहत नाहीं. असें कां बरें? हे पक्षी येथें चरावयास येतात. वीण मात्र दूर होते. ते कच्छकडून येतात असें पक्षिनिरीक्षक मानतात. तेथें भारत व पाकिस्तान यांच्या सरहद्दीस लागून मोठें रण आहे. पावसाळ्यांत त्यावर पाणी पसरून उथळ खारें सरोवर होतें. त्यांत रोहित चिखलाचे उंचवटे रचून प्रत्येकावर बहुधा एकच अंडें घालतात. १९४५ सालीं पक्षिशास्त्रज्ञ सालीम अली यांनीं तेथें सुमारें पांच लक्ष पक्षी असल्याचा अंदाज केला.

आतां मुख्य गोष्ट ध्यानांत घ्या. घरट्यांभोंवतालचें पाणी हेंच त्यांचें कुंपण. पाऊस थोडा झाला तर वीण होत नाहीं; पाणी लवकर आटलें तर हिंस्र पशू पिलांपर्यंत पोहोंचतात. म्हणून आपण उजनीचा कांठ राखिला आणि तें रण उजाड झालें, तर येथेंही थवा उतरणार नाहीं.

प्रश्न : १. रोहिताचे पंख गुलाबी कां होतात? २. त्याच्या घरट्यांचें रक्षण कशानें होतें?